वर्षाला एक कारबाइन

"पहले चलाएगा, फिर बोलेगा."

वस्तू कुठलीही असो, त्याचं हे वाक्य ठरलेलं. पंखा घ्यायचा असेल तर तो टांगून, फिरवून, त्याच्या खाली दहा मिनिटं बसून मगच किंमत विचारायचा. खुर्ची घ्यायची तर तिच्यावर बसून आधी कॉफी प्यायचा. कलिंगड 'चालवून' बघायचं म्हणजे निम्मं तिथंच खायचं. आणि हे सगळं करताना डावा डोळा मिटलेला. जन्मभर बंदुकीच्या नळीवरून पाहत आल्यामुळे त्याला दोन डोळ्यांनी बघायची सवयच राहिली नव्हती. समोरच्या माणसाला वाटायचं, हा आपल्याला डोळा मारतोय. अशा माणसांशी भाव करताना किती त्रास होतो, हे तुमच्यापैकी ज्यांनी चार पैशाचा धंदा केलाय त्यांना सांगायला नको.

मी स्वतः भाव करण्यात कुणाला हार जाणारा नाही. वेल्डरचा हेल्पर म्हणून दुबईत उतरलो तेव्हा खिशात काही नव्हतं. पुढे तिथल्याच अल क्वोज भागात जुन्या सामानाचं दुकान टाकलं ते फक्त तोंडाच्या जोरावर. हॉटेलं मोडली की त्यांचे पलंग, कंपन्या बुडाल्या की त्यांची टेबलं, साहेब लोक देश सोडून गेले की त्यांचे फ्रिज, सगळं माझ्याकडे यायचं. माझा राग वाईट, हे मला माहीत आहे. पण तो रागही धंद्यात उपयोगी पडायचा. समोरचा घाबरून दहा दिरहम कमी करायचा. दहा दिरहम म्हणजे तेव्हाचे शंभर रुपये, सोडून द्यायची रक्कम नव्हती.

तो पहिल्यांदा आला तो पंख्यासाठीच. नव्वदीची सुरुवात असेल. अंगात स्वच्छ, पायघोळ कंदुरा, पायात मात्र झिजलेल्या चपला, आणि तोंडात अशी हिंदी की मी चमकलोच. तरुणपणी खजुराच्या लाँचवर मुंबईला जायचा, डोंगरीत महिनोन्‌महिने राहायचा. त्याच्या वयाच्या बऱ्याच अरबांचं तसंच होतं.

"किधर का तू?"

"चिपळूण."

"रत्नागिरी."

"चिपळूण. रत्नागिरी जिल्हा आहे, मी चिपळूणचा."

"वोही बोला मैं. रत्नागिरी."

त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी त्याच्यासाठी रत्नागिरी राहिलो. माझं नाव त्याने एकदाही घेतलं नाही. मीही त्याचं घ्यायचो नाही. सगळे म्हणत तसं मीही 'अरबाब' म्हणायचो. अरबाब म्हणजे मालक.

पंखा फिरत होता आणि तो दुकानभर फिरत होता. कोपऱ्यात एक मोठी लाकडी पेटी होती. आदल्या दिवशीच एका जुन्या घराचं सामान एकगठ्ठा उचललं होतं, त्यात आलेली. त्याने झाकण उघडलं, आतल्या जुन्या सतरंज्या बाजूला केल्या आणि थांबला. सतरंज्यांच्या तळाशी घोंगडीत गुंडाळलेली एक बंदूक होती. लहानशी. दस्ता किडलेला, नळी गंजलेली.

परदेशी माणसाच्या दुकानात विनापरवाना बंदूक सापडणं म्हणजे दुकान, व्हिसा, सगळंच खलास. मी ती उचलायला पुढे झालो तसा तो ओरडला, "हाथ मत लगा!" मग हळूच म्हणाला, "तेरे हाथ का निशान काहे को? मैं देखता है."

त्याने तिथूनच पोलिसांना फोन केला. ते आले, त्याच्याशी नाकाला नाक लावून सलाम करून बसले, कॉफी झाली. पेटी माझी, आतली बंदूक त्याची, असा व्यवहार कागदावर त्याच्या नावे झाला. मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. जाताना तो म्हणाला, "कारबीन है. घोड़ेवाले सिपाही का. इसलिए छोटी." आणि मग, जणू आता आठवलं, "पंखे का कितना?"

मी पंखा फुकट दिला. धंद्यात आल्यापासून भाव न करता दिलेली ती माझी पहिली वस्तू.

आता तिथली तेव्हाची पद्धत सांगायला हवी. परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर दुकान काढता येत नसे. परवान्यावर नाव स्थानिक माणसाचं, भांडवल आणि घाम आपला. तो स्थानिक माणूस म्हणजे कफील. दर वर्षी त्याला ठरलेली फी द्यायची आणि तो परवान्याच्या नूतनीकरणावर सही करणार. सही नाही केली की शटरला कुलूप, आणि आत ठेवलेलं सगळं त्याचं. माझ्या पहिल्या कफीलने वर्षात दोनदा फी वाढवली होती आणि तिसऱ्यांदा वाढवायला निघाला होता. मी त्याच्या ऑफिसात टेबलावर हात आपटून आलो होतो, म्हणजे आता तो सही करणारच नव्हता.

हे सगळं मी अरबाबला का सांगितलं ते ठाऊक नाही. उम्म अल कुवैनला त्याच्या घरी पेटी पोचवायला गेलो होतो. पेटीही त्याने नंतर 'चालवून' घेतली होती, म्हणजे तिच्यावर बसून. खाडीच्या बाजूला त्याची बैठक होती, भिंतीला लागून गाद्या. तिथे बोलता बोलता मी तापलो आणि सगळं ओकलो.

त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "काग़ज़ इधर ला. मेरा नाम लिख."

"फी?"

त्याने डावा डोळा मिटला. "हर साल एक कारबीन."

मला वाटलं थट्टा करतोय. पण त्याने नीट समजावलं. शोधायचं मी, भाव करायचा मी, पैसे मी द्यायचे. कागद तो करणार, परवाना त्याच्या नावावर. आणि चालवून तो बघणार. मी लगेच मनात हिशेब केला. जुन्या बंदुका तेव्हा पहिल्या कफीलच्या फीपेक्षा स्वस्तात मिळत होत्या. मी हात पुढे केला. आज वाटतं, त्यानेही मनात हिशेब केला असणार. त्याला गावोगाव हिंडून भाव करणारा माणूस हवा होता. वय झालं होतं, आणि मुलांना या नादात काडीचा रस नव्हता.

अशी सुरुवात झाली. वर्षातला एक महिना मी कारबाइनच्या मागे असायचो. फुजैराच्या डोंगरातली गावं, रास अल खैमाची जुनी घरं, शुक्रवारचे बाजार. बायको म्हणायची, "माझ्यासाठी कधी मंगळसूत्राचा सुद्धा एवढा शोध घेतला नाहीत." मुलगी विचारायची, "पप्पा, इज ही अ शेख?" मी म्हणायचो, नाही गं, आपला अरबाब आहे. तिला त्यातला फरक कळायचा नाही, आणि मलाही तो नीट सांगता यायचा नाही.

बाजारात जुन्या बंदुकांचे तीन प्रकार असतात, हे मी हळूहळू शिकलो. एक खरोखरच्या जुन्या. दुसऱ्या पाकिस्तानात अफगाण सरहद्दीकडे हाताने घडवलेल्या नकला, वरून शिक्के तसेच मारलेले. आणि तिसऱ्या नव्या जुन्या, म्हणजे युरोपातल्या कारखान्यात जुन्या नमुन्याबरहुकूम बनवलेल्या, चकचकीत. अशी एक नवी जुनी मी एका घर मोडून जाणाऱ्या गोऱ्याकडून स्वस्तात घेतली आणि भीतभीतच घेऊन गेलो. वाटलं, म्हणेल नकली आणली. पण तिच्यावर तो एवढा खूश झाला की विचारू नका. दर शुक्रवारी तीच घेऊन मैदानावर.

"अरबाब, ही तर कालची आहे. कारखान्यातली."

"तो? सीधा मारती है. तू भी कल का है, रत्नागिरी. मैं कुछ बोला?"

उम्म अल कुवैनच्या बाहेर नेमबाजीचं एक मैदान होतं. थंडीच्या दिवसांत शुक्रवारी सकाळी, नमाजाच्या खूप आधी, आम्ही तिथे जायचो. वाळूचा मोठा बांध, समोर कागदी लक्ष्य, आणि आमच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये कॉफीचा थर्मास. नवी आणलेली बंदूक तो कधीच खांद्याला लावून मारायचा नाही. ती आधी गाडीच्या जुन्या टायरांवर दोरीने घट्ट बांधायचा, आत काडतूस भरायचा, चापाला लांब सुतळी लावायचा आणि शेडच्या भिंतीमागून ती सुतळी ओढायचा. बार झाला की जाऊन बंदूक वास घेऊन, बोटं फिरवून तपासायचा. मग दुसरा बार. मग कुठे खांद्याला. एकदा मी कंटाळून म्हटलं, "अहो, एवढे नखरे कशाला?" तर त्याने उजव्या हाताचं मधलं बोट दाखवलं. ते पेराइतकं तुटकं होतं. मी इतकी वर्षं ते बघत होतो आणि कधी विचारलं नव्हतं.

फसगतही झाली. फुजैराच्या एका दुकानदाराकडून मी मोठ्या ऐटीत एक कारबाइन आणली. घासाघीस करून त्याला रडवलं होतं म्हणा ना. मैदानावर अरबाबने नेम धरून मारली तर गोळी बांधाच्याही वरून गेली. दुसरी वाळूत, निम्म्या वाटेवर. त्याने बंदूक उलटी करून नळीचं तोंड पाहिलं. नळीच्या टोकाला माशी असते, नेम धरायचा बारीक खुंट. ती हलवून पाहिली. मग खदाखदा हसायला लागला.

"ये कारबीन नहीं. लंबी बंदूक है. किसी ने आरी से काट दिया. रत्नागिरी, तेरे को बकरे का पूँछ काटके हिरन बोलके बेचा!"

मी तिथून तडक गाडीत. फुजैराला जाऊन त्या दुकानदाराला त्याच आरीने कापणार होतो. अरबाबने माझ्या गाडीची चावी काढून घेतली. मग त्याने मला जे करायला लावलं ते पुढे नेहमीचंच झालं, म्हणून सांगतो.

त्याने त्याची स्वतःची एक कारबाइन घेतली. उघडून, रिकामी असल्याचं मला दाखवलं. माझ्या खांद्याला लावली. नळीच्या टोकाजवळ एक नाणं आडवं ठेवलं. "चला इसको. ख़ाली बंदूक चला." मी चाप ओढला, खटका पडला, नाणं वाळूत. "फिर से." पुन्हा नाणं वाळूत. राग अंगात असला की हात थरथरतो, आणि रिकाम्या बंदुकीचा चाप ओढतानासुद्धा नळीचं टोक हलतं. नाणं पडतं. नाणं न पडता चाप ओढला गेला की मग बोलायचं, हा त्याचा कायदा. अर्ध्या तासाने नाणं जागेवर राहिलं. तोवर फुजैराच्या दुकानदाराचं काय करायचं होतं ते मी विसरलो होतो.

"अब बोल."

"काही नाही. भूक लागलीय."

ती कापलेली बंदूक त्याने त्या वर्षाची फी म्हणून धरली. मी म्हटलं, बदलून देतो. म्हणाला, "तू लाया, मैंने लिया. खलास."

माझी बायको म्हणते, या माणसाने मला वाचवला. व्हिसा, दुकान तर आहेच, पण नाण्यामुळे वाचवला. कस्टमवाल्याशी, घरमालकाशी, एकदा तर माझ्या सख्ख्या मेहुण्याशी मारामारी व्हायची ती झाली नाही, कारण मी आधी उम्म अल कुवैनला जायचो. ती म्हणते ते खरं आहे. पण एक गोष्ट मी त्याला माफ केलेली नाही, आणि ती सांगण्यासाठीच खरं म्हणजे हे लिहायला घेतलं.

रास अल खैमाच्या डोंगरात एका म्हातारीकडे खरी घोडदळाची कारबाइन आहे, अशी खबर मला लागली. नवऱ्याची होती. तो गेल्यापासून कपाटात. मी गेलो. तिने दारातूनच परत पाठवलं. पुन्हा गेलो, खजूर घेऊन. तिच्या पुतण्याला हिंदी यायचं, तो मध्ये बोलायचा. असा माझा तीन-चार फेऱ्यांचा खटाटोप झाला. शेवटच्या वेळी म्हातारीने भावाचं सोडून वेगळंच विचारलं. मारणार कोण? मी अरबाबचं नाव सांगितलं. तिने ऐकलेलं होतं. मग तिने बुरख्याआडून बराच वेळ काहीतरी सांगितलं, आणि पुतण्या म्हणाला, "बोलती है, दीवार पे नहीं टाँगना. ये चलने का चीज़ है. तू वादा कर."

मी शब्द दिला. भाव तिने सांगितला तोच दिला. उभ्या आयुष्यात दुसऱ्यांदा.

आणि ती बंदूक! दस्ता मधाच्या रंगाचा, हाताला गुळगुळीत झालेला. अरबाबने दोरीचे दोन बार काढले, मग खांद्याला लावली. कागदाच्या मधोमध. पुन्हा मधोमध. मग मला दिली. आखूड आणि हलकी असल्यामुळे धक्का जबर. खांदा आठवडाभर दुखत होता. पण तो धक्का मला आजही हवासा वाटतो. त्या हिवाळ्यात आम्ही एकही शुक्रवार चुकवला नाही.

त्याच सुमारास त्याचा थोरला मुलगा माझ्या दुकानात आला. अबू धाबीला मोठ्या ऑफिसात होता, इंग्रजीत बोलायचा. दुकानात फिरला, मागचं गोदाम पाहिलं, पावलं टाकून लांबी मोजली. अल क्वोजमधल्या जागांना तेव्हा भाव येऊ लागला होता. जाताना हसून म्हणाला, वडिलांचा जो काही बंदुकांचा करार आहे तो वडिलांचा आहे. नंतर बघू.

'नंतर' म्हणजे काय ते मला कळलं. अरबाब सत्तरीच्या पुढे होता. परवाना वारसांकडे जाणार आणि माझं सगळं आयुष्य ह्या सुटातल्या माणसाच्या सहीवर टांगलं जाणार. दोन मुलं शाळेत, चिपळूणला घराचा स्लॅब अर्धा. मला रात्रीची झोप येईना. मी अरबाबला सांगितलं. तो फक्त "इन्शाल्ला" म्हणाला आणि कॉफी ओतली.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी त्याच्याकडे गेलो तर ती मधाच्या रंगाची कारबाइन जागेवर नाही.

"किधर गया?"

"बड़े लड़के को दिया."

"कुणाला?"

"बड़े लड़के को. उसके घर में दीवार पे अच्छा लगेगा."

तुम्हीच सांगा. ज्याला बंदूक आणि छत्री यातला फरक कळत नाही, जो माझ्या दुकानाची पावलं मोजून गेला, त्याला! आणि भिंतीवर! मी त्या म्हातारीला शब्द दिला होता. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मराठीत बोललो, पण डोंगरीत राहिलेल्या माणसाला त्यातलं बरंच समजलं असणार. त्याचा चेहरा हलला नाही. तो उठला, दुसरी एक बंदूक आणली, उघडून रिकामी दाखवली, नळीवर नाणं ठेवलं.

"पहले ये. फिर मैं बोलता है क्यों दिया."

पडलं. पुन्हा पडलं. किती वेळा पडलं असेल देव जाणे. गादीवर, जमिनीवर, एकदा कॉफीच्या पेल्यात. शेवटी मी बंदूक त्याच्या हातात दिली आणि निघून आलो.

मला अजूनही वाटतं, एवढी मोठी गोष्ट होती तर नाणं बाजूला ठेवून सरळ सांगायला त्याला काय झालं होतं? कायदा त्याचाच होता. एक दिवस मोडला असता. पण नाही. तो हट्टी, मी हट्टी. महिन्याभराने मी पुन्हा जायला लागलो. त्याने तो विषय काढला नाही, मी तर नाहीच नाही.

मी सूड मात्र घेतला. पुढची दोन वर्षं मी त्याला मुद्दाम सरहद्दीकडच्या नकला नेऊन दिल्या, तीही बाजारातल्या सगळ्यात भिकार.

"असली नहीं है," तो टायरवर बांधत म्हणायचा.

"आपको असली देके क्या फायदा? आप तो बाँट देते हो."

यावर तो एवढा हसायचा की सुतळी हातातून सुटायची. त्यातली एक नक्कल पहिल्याच बाराला दस्त्यापासून उघडली. लोखंडाचा तुकडा टायरात रुतला. तो तुकडा त्याने उकरून काढला, माझ्या तळहातावर ठेवला. "ये तेरा गुस्सा," म्हणाला. मी तो फेकून दिला. एवढं मात्र कबूल करतो, की त्या दिवशी भिंतीमागे उभं राहायला लावल्याबद्दल मी त्याचा हात हातात घेतला होता.

तो गेला तो हिवाळा संपता संपता. झोपेत. मला त्याच्या ड्रायव्हरचा फोन आला. तीन दिवस घरात पुरुषांची बैठक असते, लोक येतात, सांत्वन करतात, कॉफी पितात, उठतात. मी गेलो. माणसं इतकी की चपला ठेवायला जागा नाही. मी दाराजवळच्या गादीवर बसलो. खरं सांगायचं तर माझं लक्ष दोन ठिकाणी होतं. एक, तो आता कुठेच नाही. दुसरं, नूतनीकरणाला सहा आठवडे उरले होते आणि थोरला मुलगा समोर बसला होता. अशा वेळी पोटाचा विचार येतो म्हणून मला स्वतःचाच राग येत होता.

गर्दी कमी झाल्यावर थोरला उठून माझ्याजवळ येऊन बसला. वडिलांसारखी हिंदी त्याला येत नव्हती. इंग्रजी, अरबी आणि थोडी हिंदी असं मिसळून बोलला. जे बोलला ते असं.

त्या वर्षी ईदला घरातले सगळे पुरुष, काका, जावई, ह्याच बैठकीत जमले होते. अरबाबने ती कारबाइन आणली आणि सगळ्यांसमोर थोरल्याच्या हातात दिली. हे माझ्याकडचं सगळ्यात चांगलं हत्यार आहे, म्हणाला. थोरल्याने दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. सगळ्यांनी वा वा केलं. आणि मग, ते हातात असताना, अरबाब म्हणाला: हे घेतलंस, आता मला एक शब्द दे. अल क्वोजचा माणूस जोवर स्वतःहून जात नाही तोवर त्याला कुणी उठवायचं नाही.

"एवढ्या लोकांसमोर," थोरला म्हणाला, "मी काय म्हणणार होतो? हातात त्यांची बंदूक होती."

मला आधी काय सुचलं असेल? मला त्याच्यातला व्यवहार दिसला. मी जन्मभर भाव आधी ठरवला आणि माल नंतर दिला. ह्या माणसाने माल आधी दिला, चारचौघांत दिला, आणि घेणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असताना किंमत सांगितली. असा सौदा मी कधी केला नाही आणि कुणी केलेला पाहिला नाही. मग दुसरी गोष्ट सुचली. त्याच्याकडचा सगळ्यात चांगला माल त्याने माझ्याच दुकानासाठी खर्च केला होता. नक्कल देऊनही काम झालं असतं, थोरल्याला काय कळणार होतं. पण त्याने खरी दिली. मग मात्र मी खांद्यावरचा रुमाल डोळ्याला लावला आणि कॉफी आणणारा पोरगा पुढे निघून गेला तरी मला दिसलं नाही.

थोरला म्हणाला, "कागद पाठवून दे. मी सही करीन. फी नको. बंदुका तर मुळीच नकोत."

फी नको म्हणणाऱ्या माणसाशी भाव कसा करायचा? ते माझ्या स्वभावात नाही. कुणाचं फुकट राहिलो की मला अन्न गोड लागत नाही. आणि भिंतीचा सल अजून होताच.

"नाही," मी म्हटलं. "फी ठरवा."

"मी म्हटलं ना, नको."

"मग मी ठरवतो. वर्षातून एकदा ती कारबाइन भिंतीवरून खाली काढायची. मैदानावर आणायची. मारायची. तुम्ही. मी बरोबर येईन, काडतुसं माझी."

"मी कधी बंदूक चालवलेली नाही."

"माहीत आहे."

"वर्षातून एकदा? दोन वर्षांतून एकदा."

आता माझा जीव थाऱ्यावर आला. "वर्षातून एकदा. तीन गोळ्या."

"एक."

"दोन. आणि त्याखाली मी येत नाही."

पलीकडे बसलेले त्याचे काका हसले. बैठकीतलं त्या तीन दिवसांतलं ते पहिलं हसू असावं. थोरल्याने हात पुढे केला.

सही वेळेवर झाली. दुकान राहिलं. पुढे मी स्वतःच ते वाढवलं, चिपळूणचा स्लॅब पुरा झाला, मुलं शिकली.

पुढच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी थोरला खरंच आला. कारबाइन आणली होती, दस्त्यावर धूळ. मी ती पुसली, उघडून रिकामी असल्याचं त्याला दाखवलं, खांद्याला कशी घट्ट लावायची ते सांगितलं. पहिल्या गोळीला धक्का इतका बसला की त्याच्या डोक्यावरच्या रुमालाला बांधलेला काळ्या दोरीचा अगाल सरकून मानेवर आला आणि तो दोन पावलं मागे. मी हसलो नाही. दुसऱ्या गोळीला त्याने दोन्ही डोळे गच्च मिटले.

मग आम्ही दोघं वाळूतून लक्ष्यापर्यंत चालत गेलो. आधी कधी जायची गरज पडायची नाही. अरबाब आवाजावरून सांगायचा, कुठे लागली ते. कागद वाऱ्यावर फडफडत होता. त्याच्यावर एकही भोक नव्हतं.

थोरला कागद दोन्ही हातांनी ताणून धरून उभा होता. "फादर किती मारायचे?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने कागदाची नीट घडी केली, कंदुऱ्याच्या खिशात ठेवली आणि शेडकडे बघत म्हणाला, "काडतुसं उरलीत का?"

करार दोनचाच होता. मी खिशात हात घातला.